चुंबळ आणि संहिता

गेल्या वर्षी एका एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीनंतर परीक्षकांनी आमच्या संघाला चर्चेसाठी बोलावले आणि गुणपत्रिका पुढे सरकवली. अभिनय, दिग्दर्शन, प्रकाशयोजना या रकान्यांत बरे गुण होते. ‘लेखन’ या रकान्यात मात्र आडवी रेघ मारलेली होती. पस्तीस मिनिटांच्या आमच्या एकांकिकेत एकही शब्द नव्हता. दुष्काळी गावात सहा बायका टँकरची वाट पाहत रांगेत उभ्या आहेत, टँकर येतो, रांग मोडते, झुंबड उडते, पाणी संपते आणि दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा रांग लागते, एवढीच तिची गोष्ट. रंगमंचावर हंडे नव्हते, पाइप नव्हता, टँकरही नव्हता. संहिता म्हणून आम्ही हालचालींचे वर्णन असलेली चार पाने प्रवेशिकेला जोडली होती. परीक्षक ज्येष्ठ होते आणि भलेही होते. “प्रयोग आवडला, पण यात लिहिले काय आहे ते सांगा, म्हणजे मी गुण देतो,” असे ते अगदी मनापासून म्हणाले. आम्हा सहाजणींपैकी एकीलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही.

ते सुचायला वर्ष लागले, आणि सुचले तेव्हा ध्यानात आले की प्रश्न त्या एका रकान्यापुरता नाही. शब्दाविना केलेल्या शारीर नाट्याला आपल्या नाट्यशिक्षणात आणि स्पर्धांत आज मिळणारी जागा म्हणजे सत्राच्या शेवटी उरकलेली तीन दिवसांची कार्यशाळा, नाहीतर युवा महोत्सवातला पाच मिनिटांचा माइम. माझे म्हणणे असे आहे की हे काम पहिल्या वर्षाच्या मध्यभागी असायला हवे आणि वाचिक, म्हणजे बोलण्याच्या, अभिनयाच्या आधी शिकवले जायला हवे. त्यामागे कलेची कारणे आहेतच. पण नाट्यशाळेत कोण टिकते आणि कोण गप्प होते, हे त्याहून जवळचे कारण आहे.

मराठी नाटक मुळात कानाचे आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला सीतास्वयंवराचा खेळ केला, त्यात पदे म्हणणारा सूत्रधार सगळा खेळ पेलत होता. पुढे संगीत नाटक आले, पदांना ‘वन्स मोअर’ मिळू लागले. गद्य नाटकात टाळीचे वाक्य आले, स्वगत आले, आणि आकाशवाणीच्या नभोनाट्यांनी व नाटकांच्या कॅसेटींनी तर रंगमंच वगळूनही नाटक घरोघरी पोचवून दाखवले. एखादे गाजलेले मराठी नाटक डोळे मिटून ऐकावे आणि आपले काय निसटले ते मोजावे, अशी परीक्षा मी स्वतःशी अनेकदा घेतली आहे. बहुतेक वेळा फारसे काही निसटलेले नसते. याला अपवाद आहेत. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये कृष्णदेव मुळगुंद यांच्या नृत्यरचनेतून ब्राह्मणांची रांग कधी पडदा होते, कधी भिंत होते आणि कधी पुणे शहर होते, ते डोळे मिटणाऱ्याला कळणारच नाही. तरीही पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या रांगेचे उदाहरण आजही पहिले म्हणून द्यावे लागते, यावरून अपवादांची संख्या समजते. मला या कानाच्या परंपरेविषयी आकस नाही. शाळेत असताना गडकऱ्यांची स्वगते पाठ करूनच मी बक्षिसे मिळवली आणि नाटकाकडे वळले.

नाट्यशाळेत आल्यावर मात्र या शब्दप्रेमाची दुसरी बाजू दिसली. पहिल्या सहामाहीत वाचिकाच्या तासाला ‘पाणी’ हा शब्द वर्गातल्या निम्म्या मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेण्यात आला. मी ‘पानी’ म्हणत होते, कारण आमच्या मराठवाड्यातल्या घरात पानीच म्हणतात आणि पानी म्हटल्याने ते कधी कमी आल्याचे ऐकिवात नाही. वर्गात नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा एक मुलगा होता. घरी पावरी, बाजारात अहिराणी आणि शाळेत मराठी अशा तीन भाषा तो लीलया बोलत असे. वाचिकाच्या तासाला तो मुका झाला. वर्षाअखेरच्या नाटकात त्याला प्रकाशयोजनेचे काम देण्यात आले आणि तो ते उत्तम करतो असे सर्वांनी कौतुकाने सांगितले. उच्चार शिकवू नयेत असे मी म्हणणार नाही. ज्याला प्रमाण मराठीतले संवाद म्हणायचे आहेत त्याला न आणि ण यांतला फरक यायलाच हवा. पण अभिनेता होण्याच्या वाटेवर हा पहिला नाका असावा का, आणि तिथे अडलेल्याची बाकीची सगळी तपासणी रद्द व्हावी का, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

हा नाका मराठी मुलुखापुरता नाही. मणिपूरचे हैस्नाम कन्हाईलाल १९६८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकायला गेले आणि हिंदी-इंग्रजीच्या अडचणीमुळे काही महिन्यांतच त्यांना तिथून परतावे लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी इंफाळला ‘कलाक्षेत्र मणिपूर’ ही संस्था काढली. त्यांच्या रंगभूमीत शब्द जवळजवळ गळून पडला. उरला श्वास, सूर, किंकाळी आणि जमिनीला चिकटून वावरणारे शरीर. त्यांच्या १९७५ च्या ‘पेबेत’ या नाटकाचे चित्रण आम्हाला वर्गात दाखवण्यात आले. पेबेत हा लहानसा पक्षी. पिल्ले उडण्याइतकी मोठी होईपर्यंत त्यांची आई मांजराची खुशामत करून वेळ काढते, अशी ती चुलीपाशी सांगितली जाणारी मैतेई गोष्ट आहे. अभिनेत्री सावित्री हैस्नाम त्या पक्षिणीच्या भूमिकेत खांदे जरासे उचलतात, मान आखडतात, आणि आर्जव व भीती एकाच वेळी त्या मानेत येऊन बसतात. मणिपुरी भाषेचा गंधही नसलेल्या आमच्या वर्गात कुणी काही विचारले नाही, आणि विशेष म्हणजे धडगावचा तो मुलगा चित्रण संपल्यावर सलग वीस मिनिटे बोलला. त्याच सावित्रीबाईंनी २००० मध्ये महाश्वेतादेवींच्या कथेवरच्या ‘द्रौपदी’ या नाटकाच्या अखेरीस विवस्त्र शरीराने लष्कराला जाब विचारला. मणिपुरात तेव्हा त्यावर कडाडून टीका झाली. चार वर्षांनी, जुलै २००४ मध्ये, इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा महिलांनी तसाच निषेध केला. दोन्हींचा संबंध किती थेट होता यावर वाद घालता येईल. मात्र तिथे शब्दाने जे झाले नसते ते शरीराने झाले, याबद्दल वाद नसावा.

आता करण्याच्या बाजूकडे येते, कारण पाहताना जे सोपे वाटते ते करताना पार उलटे निघते. झाक लकॉक या शिक्षकाने १९५६ मध्ये पॅरिसमध्ये नाट्यशाळा काढली. तो मूळचा खेळ आणि व्यायामाच्या शिक्षणातून आलेला माणूस, त्यामुळे शरीराकडे तो अलंकार म्हणून न पाहता यंत्रणा म्हणून पाहत असे. त्याच्या शाळेत पहिल्यांदा हातात येतो तो तटस्थ मुखवटा. इटालियन शिल्पकार सार्तोरी यांनी चामड्याचा घडवलेला हा मुखवटा हसत नाही, रडत नाही, त्याला भूतकाळ नाही. आमच्याकडे चामडे नव्हते. वर्तमानपत्राचे तुकडे आणि खळ वापरून आम्ही ते वर्गातच बनवले आणि ते वाळेपर्यंत खोलीला आंबूस वास येत राहिला. पहिला पाठ सोपा होता: जमिनीवर झोपायचे, जागे व्हायचे, उभे राहायचे. माझी पाळी आली. मी डोळे चोळले, आळस दिला, इकडेतिकडे पाहिले आणि उठले. सर म्हणाले, “तू उठली नाहीस. उठल्याची बातमी दिलीस.” मी पुन्हा केले. पुन्हा बातमीच होती. त्या आठवड्यात सतरा वेळा मी जमिनीवरून उठले, आणि कधीतरी अकराव्या-बाराव्या वेळी पहिल्यांदा जाणवले की पाठीचा कणा हा वाक्यासारखा असतो. तो कुठून सुरू होतो आणि कुठे थांबतो हे ठरवावे लागते. संवाद म्हणताना हे कधीच कळले नव्हते. चेहरा, आवाज आणि लेखकाने दिलेले चांगले वाक्य यांच्या आडोशाला शरीर वर्षभर बिनकामाचे उभे राहिले तरी खपून जात होते.

लकॉक शब्दाचा वैरी नव्हता, हे आपल्याकडे वारंवार विसरले जाते. शब्दाच्या आधी जी शांतता असते तिथून शिकायला सुरुवात करावी आणि त्या शांततेतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत, एक उच्चाराचा आणि दुसरा कृतीचा, अशी त्याची मांडणी होती. म्हणजे क्रमाचा मुद्दा होता. मीही क्रमाविषयीच बोलते आहे.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप परदेशातला नसून थेट भरतमुनींचा आहे. नाट्यशास्त्रात आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (भावाचा) असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि वाचिकाच्या प्रकरणात वाणीला नाट्याची ‘तनू’, म्हणजे शरीर, म्हटले आहे. अंग, नेपथ्य आणि सत्त्व ही वाक्याचाच अर्थ व्यक्त करतात, असेही तिथे स्पष्टपणे येते. आमच्या एका प्राध्यापकांनी हे वचन काढून “मग शरीराच्या रंगभूमीचे शरीर कुठले?” असे विचारले होते आणि वर्ग हसला होता. आक्षेप चतुर आहे, पण तोच ग्रंथ डोक्याच्या तेरा हालचाली आणि छत्तीस दृष्टी वेगवेगळ्या करून सांगतो, हातापायांच्या एकत्रित हालचालींची एकशे आठ ‘करणे’ वर्णितो. वाणीला देहाची उपमा द्यावीशी वाटणाऱ्या शास्त्रकाराने देह किती बारकाईने पाहिला होता, ते तेव्हाच्या नटाकडून अपेक्षित असलेल्या मेहनतीवरून कळते. आपण त्या वचनातला अर्धा भाग घेतला आणि मेहनतीचा अर्धा भाग सोडून दिला. शिवाय शास्त्राबाहेरही आपल्याकडे पुरावा आहे. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात, मुखवटा चढवलेला माणूस सांबळ-पिपाणीच्या तालावर नाचत येतो आणि कुणी नाव पुकारले नाही तरी सोंग कोणते ते गावाला ओळखू येते.

शरीराची जाण शाळेबाहेर किती खोलवर पसरलेली असते, याचा धडा मला घरच्याच माणसाकडून मिळाला. स्पर्धेनंतर आम्ही ती एकांकिका माझ्या आजोळच्या गावी शाळेच्या पटांगणात केली. गावात दरवर्षी फेब्रुवारीनंतर टँकर येतो, त्यामुळे विषय समजावण्याचा प्रश्न नव्हता. प्रयोग संपल्यावर मावशीने मला बाजूला घेतले. “हंडा भरलेला नव्हता तुझा,” ती म्हणाली. “भरल्या हंड्याला मान वळत नसती, बाई. अख्खं अंग वळवावं लागतंय. आन् चुंबळ कुठंय? चुंबळीबिगर हंडा डोईवर घेतेस व्हय?” चुंबळ म्हणजे हंड्याखाली डोक्यावर ठेवायचे कापडाचे वेटोळे. मी रंगमंचावर डोक्यावरच्या अदृश्य हंड्यासह मागच्या बाईकडे वळून पाहत होते, अगदी झोकात. पंधरा-वीस लिटरचा हंडा डोक्यावर असताना माणूस तसे पाहूच शकत नाही. आधी पाऊल वळते, मग कंबर, मग खांदे, आणि मान सगळ्यात शेवटी, तीही सरळच राहून. ज्येष्ठ परीक्षकांना, प्राध्यापकांना, मलाही न दिसलेली चूक दोन इयत्ता शिकलेल्या आणि आयुष्यात नाट्यगृहाची पायरी न चढलेल्या मावशीने पहिल्या पाच मिनिटांत पकडली होती. संवादाच्या नाटकाला ती आली असती तर “छान बोललीस” म्हणून गप्प बसली असती, कारण तिथे बोलण्याचा अधिकार आपला नाही असे तिला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. या नाटकात ती जाणकार होती.

असे असले तरी या प्रकाराची भलामण करताना डोळ्यांवर कातडे ओढून घेण्यात अर्थ नाही. आपल्याकडे शब्दाविना केली जाणारी बहुसंख्य नाटके वाईट असतात, आणि मी ती पदरमोड करून पाहिली आहेत. काळे कपडे घातलेली दहा मुले मंद गतीने एकमेकांच्या अंगावर कोसळतात, पार्श्वभूमीला व्हायोलिन रडते, आणि दुःख व्यक्त करण्याचे काम व्हायोलिनवर सोपवून मुले मोकळी होतात. दुसरा प्रकार माइमचा. त्यात वाक्य आधी मनात तयार केले जाते आणि मग त्यातला एकेक शब्द हाताने काढून दाखवला जातो, म्हणजे तो ओळखाओळखीचा खेळच. चेहऱ्याला पांढरा रंग फासला की माइम झाला, ही समजूत मार्सेल मार्सो या फ्रेंच माइम कलावंताच्या कीर्तीमुळे रूढ झाली असावी. पण ज्याच्याकडे मार्सो शिकला तो एतिएन दक्रू नटाचा चेहरा झाकून टाकत असे, कारण चेहरा बोलू लागला की धड आळशी होते असे त्याला वाटे. या दोन्ही प्रकारांत शब्द गेलेला नसतो, फक्त त्याचा आवाज बंद केलेला असतो. (जाता जाता: अशा हातवाऱ्यांना ‘मुक्या-बहिऱ्यांची भाषा’ म्हणणारे सूत्रसंचालक मी ऐकले आहेत. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. तिच्यात कविता होते आणि भांडणही होते. माइमचा तिच्याशी संबंध नाही.) पण वाईट नाटकांचे प्रमाण हा विषय शिकवू नये यासाठीचा पुरावा ठरत नाही. तीन दिवसांत शास्त्रीय गायन शिकवले तर मैफली कशा होतील, त्याची कल्पना करून पाहावी.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे आणि तिचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. शरीर निरागस असते, भाषेसारखे त्याला जात-वर्ग नसतात, असे शारीर रंगभूमीचे चाहते सुचवतात. ते खरे नाही. ‘तटस्थ’ उभे राहा असे सांगितले की आम्ही सगळे पाय खांद्याइतके फाकवून, छाती उघडी ठेवून, हात सैल सोडून उभे राहतो. ही ठेवण कुणाची आहे? मावशी अशी कधीच उभी राहिलेली नाही, आणि ती अशी उभी राहिली असती तर घरात चार बोल ऐकले असते. उलट एका कार्यशाळेत उकिडवे बसून पाच मिनिटे राहायला सांगितले तेव्हा शहरातून आलेली निम्मी मुले मागे कलंडली, आणि ती बसण्याची पद्धत ‘स्क्वॉट’ या नावाने शिकवावी लागली. चांगल्या निवासी कार्यशाळांचे शुल्क पाहिले की तिथे कोण पोचते हेही कळते. म्हणजे उच्चाराच्या नाक्याऐवजी ठेवणीचा नाका बसवला जाण्याचा धोका खराच आहे. तो टाळायचा तर मुखवट्यासोबत चुंबळही वर्गात यावी लागेल, मल्लखांब यावा लागेल, भात लावणाऱ्याची वाकलेली पाठ यावी लागेल, आणि ती शिकवायला ज्यांना ती येते त्यांनाच मानधन देऊन बोलवावे लागेल.

आता परीक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर. यात लिहिले काय आहे? सॅम्युएल बेकेट यांचे एक शब्दविरहित नाटुकले १९५७ मध्ये लंडनला प्रथम झाले. वाळवंटात एक माणूस आहे आणि वरून लोंबकळत आलेला पाण्याचा चंबू प्रत्येक वेळी त्याच्या हाताच्या जरासा पलीकडे राहतो. पेटर हांडके यांच्या १९९२ च्या पूर्ण लांबीच्या नाटकात एका चौकातून माणसे नुसती येत-जात राहतात. दोघांनाही साहित्याचे नोबेल मिळाले आहे, आणि या दोन्ही नाटकांत उच्चारायला एकही वाक्य नसले तरी त्यांची छापील संहिता आहे, जिच्यात पाऊल कधी थांबते आणि नजर कधी वळते ते लेखकाने शब्दांत बांधले आहे. लेखन म्हणजे संवाद, हे समीकरण बाजूला ठेवले की रकान्याची अडचण उरत नाही. आपल्या व्यवस्थेने मात्र ते समीकरण कायद्यातच बसवले आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, आणि १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ला याच मंडळाने बत्तीस कापण्या सुचवल्या होत्या, त्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले. वाक्ये कापणारी कात्री मान वळवण्याचे काय करणार, हा विचार गमतीचा आहे; पण पूर्वतपासणीच्या पद्धतीने नाटक म्हणजे कागदावरचे बोल ही समजूत किती पक्की केली आहे, हेही त्यातून दिसते.

स्पर्धांनी ‘लेखन’ हा रकाना ठेवावा, फक्त त्यात कृतीचे लेखन धरावे. नाट्यशाळांनी आंगिकाचा शिक्षक पूर्णवेळ नेमावा आणि पहिल्या वर्षाची परीक्षा निदान अर्धी शब्दाविना घ्यावी. युवा महोत्सवाच्या पाच मिनिटांत वेळेचे बंधन आहे ते असू द्यावे, पांढऱ्या रंगाचे नसावे. यापलीकडे मला काही फार मागायचे नाही.

यंदाच्या स्पर्धेची प्रवेशिका भरायची वेळ आली आहे आणि संहितेच्या दोन प्रती पुन्हा मागितल्या आहेत. एकांकिकेची सुरुवात आम्ही बदलली असून आता सहाही जणी आधी चुंबळ वळतात. ती नेमकी कशी वळायची ते विचारायला मी मावशीला फोन केला, तर ती म्हणाली, “फोनवर काय सांगू? हात मोकळे ठेवून इकडं ये.” रविवारी जाऊन आले. जुन्या लुगड्याचा पट्टा दोन्ही हातांनी पीळ देत वेटोळे करायचे, डाव्या अंगठ्याने मध्यभाग धरून ठेवायचा आणि शेवटचे टोक आत खोचायचे. हे सारे अर्ध्या मिनिटाचे काम. संहितेत त्याचे दीड पान झाले आहे, आणि टोक खोचण्याचा भाग मी अजून तिसऱ्यांदा लिहिते आहे.